फ्लूची लस : शरीर काय शिकतं आणि किती दिवस लक्षात ठेवतं?

फ्लूच्या लसीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. उत्तरं वाचून चालू असलेली औषधं परस्पर बंद करू नयेत, एवढी एक सूचना आधीच देऊन ठेवतो.

प्रश्न : मंगळवारी फ्लूची लस टोचून घेतली आणि रविवारी 102 ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. तपासणीत फ्लू ‘ए’ निघाला. म्हणजे लसीनेच फ्लू दिला ना? आता घरात कुणी लस घ्यायला तयार नाही.

उत्तर : लसीने फ्लू दिला नाही, तसा तो देता येतच नाही. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. बहुतेक लसींसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, फॉर्मल्डिहाइड किंवा बीटा-प्रोपिओलॅक्टोन वापरून तो निष्क्रिय करतात, मग डिटर्जंटने त्याचं आवरण फोडतात आणि हवी ती प्रथिनं शुद्ध करून घेतात. या तुकड्यांतून पुन्हा विषाणू उभा राहत नाही.

आता तारखा जुळवून पाहू. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून 1 ते 4 दिवसांत लक्षणं दिसतात. तुम्हाला रविवारी ताप आला, म्हणजे संसर्ग बुधवार ते शनिवार या दिवसांत कधीतरी झाला. तेव्हा लसीचं काम कुठवर आलं होतं?

दंडाच्या डेल्टॉइड स्नायूत 0.5 मिलिलिटर द्रव गेला. नेहमीच्या मात्रेत विषाणूच्या प्रत्येक वाणाचं (लसीसाठी निवडलेल्या नमुन्याचं) 15 मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन असतं. विषाणूच्या पृष्ठभागावरचं हे प्रथिन आपल्या पेशीला चिकटायचं काम करतं, म्हणून लसीचा सगळा रोख त्याच्यावर. पहिल्या एक-दोन दिवसांत टोचल्या जागी सूज येते, दंड दुखतो, काहींना कणकण वाटते. याच काळात डेन्ड्रायटिक नावाच्या पहारेकरी पेशी ते तुकडे उचलून लसिकावाहिन्यांतून काखेतल्या लसिका ग्रंथींत नेतात. काही तुकडे कुणी उचलून न नेता लसिकाद्रवाबरोबर आपसूकही तिथे पोचतात. ग्रंथीत टी पेशी ते ‘पाहतात’ आणि बी पेशींना, म्हणजे विषाणूला धरणारी प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना, विभाजनाचा इशारा देतात; पण ज्यांच्या पृष्ठभागावरचं ओळखीचं प्रथिन हिमॅग्लुटिनिनवर बसतं त्यांनाच.

मोठ्या माणसाला आयुष्यात फ्लू आधी होऊन गेलेला असतो. त्यामुळे ग्रंथीत जुन्या स्मृतिपेशी हजर असतात आणि काम लवकर सुरू होतं. त्यांच्यातून प्लाझ्माब्लास्ट नावाच्या पेशी तयार होऊन रक्तात उतरतात. सातव्या दिवसाच्या आसपास त्यांची संख्या शिगेला पोचते आणि पुढच्या आठवड्यात त्या रक्तातून जवळजवळ नाहीशा होतात. लसीचा अभ्यास करणारे नेमकं सातव्या दिवशी रक्त घेतात ते यासाठीच. दहाव्या दिवशी घेतलं तर ही लाट ओसरायला लागलेली असते. प्रतिपिंडांची पातळी मात्र उशिरा चढते. कामापुरती व्हायला साधारण दोन आठवडे आणि कळस गाठायला दोन ते चार आठवडे लागतात.

तुम्हाला विषाणूने गाठलं तेव्हा ग्रंथीत धावपळ चालू होती, पण रक्तात फारसं काही उतरलं नव्हतं. घरच्यांना सांगायचं ते एवढंच, की साथ घरात शिरायची वाट न पाहता लस आधी घ्या.

आणखी एक. काही पत्रांत ‘दंड दुखलाच नाही, मग लस लागू झाली का?’ असं विचारलं आहे. दुखणं हे स्थानिक सुजेचं लक्षण आहे, प्रतिपिंड मोजायचं माप नव्हे. न दुखताही उत्तम प्रतिसाद मिळतो.

प्रश्न : गोवराची लस लहानपणी घेतली की जन्माची निश्चिंती. हिपॅटायटिस ‘बी’ची तीन वेळा घेतली की झालं. मग फ्लूचीच दरवर्षी का? शरीर विसरतं, की विषाणू बदलतो, की कंपन्यांचा धंदा?

उत्तर : शरीर थोडं विसरतं आणि विषाणूही बदलतो. पण तिसरं एक कारण आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही. ते म्हणजे वेळ. त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण पुढची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात.

लसीनंतर शरीरात दोन वेगळ्या गोष्टी उरतात आणि दोघींना आपण सरसकट ‘स्मृती’ म्हणतो. पहिली म्हणजे रक्तात तयार फिरणारी प्रतिपिंडं आणि ती बनवणाऱ्या, मुख्यतः अस्थिमज्जेत मुक्काम ठोकणाऱ्या प्लाझ्मा पेशी. दुसरी म्हणजे स्मृती बी पेशी. या स्वतः प्रतिपिंड सोडत नाहीत, पण विषाणू पुन्हा दिसला की विभाजन करून प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींची फौज उभी करतात. कोठारातलं धान्य आणि राखून ठेवलेलं बियाणं यांच्यात जो फरक, तोच इथे आहे.

बियाण्याला वेळ लागतो. स्मृतिपेशी जाग्या होऊन त्यांची प्रतिपिंडं पुरेशा प्रमाणात रक्तात यायला चार-पाच दिवस तरी जातात. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू लक्षणं दाखवायला दीड ते सहा महिने घेतो. त्यामुळे रक्तातली प्रतिपिंडं मोजता येणार नाहीत इतकी उतरली तरी निरोगी माणसाचं बिघडत नाही, स्मृतिपेशींना हवा तेवढा अवधी मिळतो. गोवरालाही पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे लागतात. शिवाय गोवराची लस जिवंत विषाणूची असते, ती शरीरात वाढते आणि तिची प्रतिपिंडं दशकानुदशकं टिकतात. गोवराच्या विषाणूला आपली पृष्ठभागावरची प्रथिनंही फारशी बदलता येत नाहीत, बदलली तर त्याचं स्वतःचंच काम अडतं.

फ्लू 1 ते 4 दिवसांत आजारी पाडतो. स्मृतिपेशींची फौज तयार होते तेव्हा ताप येऊन गेलेला असतो. म्हणून फ्लू होऊच नये असं वाटत असेल, तर विषाणू शिरतो त्या क्षणी प्रतिपिंडं तयार हवीत. उशिरा पोचलेली फौज वाया जाते असं नाही. आजार फुप्फुसात उतरू न देणं, रुग्णालयात जायची वेळ टाळणं हे काम ती आणि टी पेशी मिळून करतात. ‘लस घेऊनही फ्लू झाला’ या तक्रारीत हा भाग दिसत नाही, कारण न झालेला न्यूमोनिया कुणाला मोजता येत नाही.

तयार साठा किती टिकतो? रक्तातल्या आयजीजी या मुख्य प्रकारच्या प्रतिपिंडाचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे 21 दिवसांचं असतं. नवीन बनणं पूर्ण थांबलं, तर 12 आठवड्यांत सोळावा हिस्सा उरेल. प्रत्यक्षात घसरण याहून बरीच संथ असते, म्हणजे अस्थिमज्जेतून पुरवठा चालू असतो. पण फ्लूच्या लसीनंतर तो फार काळ टिकत नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांच्या अस्थिमज्जेचे नमुने लसीआधी, चार आठवड्यांनी आणि वर्षाने तपासले. चार आठवड्यांनी फ्लूविरोधी प्लाझ्मा पेशी वाढलेल्या होत्या, वर्षभरात त्या जवळजवळ पूर्वपदावर आल्या होत्या. कोठार भरलं आणि रिकामं झालं, इतकं ते सरळ दिसलं.

बियाणं मात्र चिवट असतं. 1918 च्या साथीतून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या 32 जणांचं रक्त तपासून 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नव्वद वर्षांनंतरही त्यांच्या शरीरात त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं होती आणि काहींच्या रक्तातून तशा बी पेशी वेगळ्या काढता आल्या. ‘शरीर विसरतं’ हे म्हणूनच अर्धंच खरं आहे.

उरला विषाणूचा बदल. फ्लूचा जनुकसंच आरएनएचा असतो आणि त्याची नक्कल करणारं एन्झाइम झालेली चूक तपासून दुरुस्त करत नाही. प्रत्येक फेरीत चुका राहतात. त्यांतली एखादी हिमॅग्लुटिनिनच्या माथ्यावर, म्हणजे प्रतिपिंडं जिथे बसतात नेमक्या तिथे पडली, तर तो विषाणू आपल्या जुन्या प्रतिपिंडांना चकवतो आणि त्याचाच वंश पुढे पसरतो. ‘ए’ प्रकारातला एच3एन2 (नावातला ‘एच’ म्हणजे हिमॅग्लुटिनिन) या कामात सगळ्यांत चपळ आहे, ‘बी’ प्रकार त्या मानाने संथ. याखेरीज विषाणूचे आठ जनुकखंड दोन वेगळ्या विषाणूंमध्ये अदलाबदल होऊन एकदम नवा अवतारही येऊ शकतो. 1957 आणि 1968 च्या साथी तशाच आल्या.

धंद्याबद्दल : लस विकली जाते आणि त्यात पैसा आहे, हे उघड आहे. पण वर्षाने पुन्हा घ्यायला लागण्याचं कारण वरच्या परिच्छेदांत आहे, विक्री विभागात नाही.

प्रश्न : यंदाच्या लसीतली सगळी नावं गेल्या वर्षीचीच आहेत. मग यंदा सुट्टी घ्यायला हरकत काय? शिवाय दरवर्षी घेतल्याने लस ‘बोथट’ होते असं ऐकलं.

उत्तर : नावं तीच असली तरी तुमचा साठा वर्षापूर्वीचा आहे. हंगामातल्या हंगामातही संरक्षण महिन्यागणिक उतरताना दिसतं. तेव्हा यंदाही घ्यावी.

बोथट होण्याची गोष्ट मात्र सरसकट अफवा नाही. रक्तात आधीच भरपूर प्रतिपिंडं असतील तर ती लसीतल्या हिमॅग्लुटिनिनवर जाऊन बसतात, त्याचा ओळखीचा भाग झाकतात आणि बी पेशींच्या वाट्याला कमी येतं. त्यामुळे आधी ज्यांची पातळी वर आहे त्यांच्यात वाढीचा पट कमी दिसतो. काही हंगामांत, विशेषतः एच3एन2 च्या बाबतीत, लागोपाठ दोन वर्षं लस घेणाऱ्यांचं संरक्षण फक्त त्याच वर्षी घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं, काही हंगामांत तसा फरक नव्हता. गेल्या वर्षीचं वाण, यंदाचं वाण आणि प्रत्यक्ष पसरलेलं वाण एकमेकांपासून किती दूर आहेत, यावर ते अवलंबून असतं. ते कोष्टक आधी मांडता येत नाही. पण अशा हंगामांतही तुलना लस मुळीच न घेणाऱ्यांशी केली, तर दरवर्षी घेणारेच साधारणपणे फायद्यात असतात.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीला डॉक्टरांनी महिन्याच्या अंतराने दोन मात्रा सांगितल्या. जावेच्या दहा वर्षांच्या मुलाला एकच. हे वजनाच्या उलटं नाही का?

उत्तर : हिशेब वजनाचा नाही, अनुभवाचा आहे. तुमच्या मुलीच्या शरीराने फ्लूचा विषाणू कदाचित अजून पाहिलेलाच नाही. पहिल्या मात्रेला उत्तर देतात त्या अननुभवी बी पेशी. त्यांची प्रतिपिंडं कमी आणि ढिली, म्हणजे विषाणूला सैल धरणारी असतात. पुढचे काही आठवडे लसिका ग्रंथीतल्या जर्मिनल सेंटरमध्ये निवड चालते. बी पेशी आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकांत बदल करतात, घट्ट धरणाऱ्या टिकतात, बाकीच्या मरतात. ही छाननी झाल्यावर दुसरी मात्रा मिळाली की निवडलेल्या पेशी उसळून उठतात.

म्हणून नियम असा : 6 महिने ते 8 वर्षं वयाच्या मुलाने पूर्वी एकूण दोन मात्रा घेतल्या नसतील, तर त्या हंगामात दोन मात्रा, मध्ये किमान 4 आठवडे. चारच्या आत घाई करू नका. उशीर झाला तर मालिका पहिल्यापासून सुरू करायची नाही, राहिलेली मात्रा द्यायची. पूर्वी कधीही दोन मात्रा झाल्या असतील, अगदी वेगवेगळ्या वर्षी, तर यंदा एक पुरे. नऊ वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना फ्लू एकदा तरी होऊन गेलेला असतो, त्यामुळे एका मात्रेला त्यांच्या स्मृतिपेशीच उत्तर देतात.

सगळ्यांत जास्त चूक होते ती इथे : पहिली मात्रा झाली, मूल ठणठणीत आहे, दुसरीची तारीख निघून गेली. अशा मुलाच्या कार्डावर ‘लस दिली’ असं असतं, पण संरक्षण तुटपुंजं. दोन मात्रा लागणाऱ्या मुलांची सुरुवात म्हणूनच हंगामाच्या बरीच आधी करावी.

प्रश्न : आईचं वय 74. लस दिली, पण ती खरंच लागू झाली का हे रक्त तपासून कळेल का? आणि ज्येष्ठांसाठी ‘जास्त ताकदीची’ लस असते ती काय?

उत्तर : तपासणी आहे, पण ती घरच्या निर्णयासाठी नाही. कशी करतात ते सांगतो, म्हणजे का नाही ते लक्षात येईल.

हिमॅग्लुटिनिन लाल रक्तपेशींना चिकटून त्यांचं जाळं बनवतं. त्याला अडवायची रक्तद्रवाची क्षमता मोजायची. आधी रक्तद्रवावर एका एन्झाइमची प्रक्रिया करतात, कारण त्यात प्रतिपिंडांशिवायही हिमॅग्लुटिनिनला अडवणारे घटक असतात आणि ते खोटं उत्तर देतात. मग ताटलीतल्या खळग्यांत 10 पट, 20 पट, 40 पट, 80 पट असं दुपटीने पातळ करत जातात. प्रत्येक खळग्यात मोजून तेवढाच विषाणू घालतात, शेवटी कोंबडी, टर्की किंवा गिनिपिगच्या लाल पेशी. अर्ध्या तासाने पाहतात. प्रतिपिंडं पुरेशी असतील तिथे विषाणू अडवला गेलेला असतो आणि लाल पेशी तळाशी बसून लहानसं बटण दिसतं. ताटली तिरकी धरली की ते बटण थेंबासारखं खाली ओघळतं. प्रतिपिंडं कमी पडली तिथे पेशींचं जाळं खळगाभर पसरतं आणि तिरकं केलं तरी हलत नाही. शेवटचं ओघळणारं बटण 160 पटीच्या खळग्यात असेल तर टायटर 160.

40 हा टायटर ‘संरक्षक’ म्हणून छापला जातो. त्याचा अर्थ इतकाच, की निरोगी प्रौढांच्या गटात या पातळीला संसर्गाची शक्यता सुमारे निम्म्याने कमी आढळली. हा आकडा 1970 च्या दशकातल्या प्रयोगांतून आला आहे. 40 च्या वर असलेल्यालाही फ्लू होतो आणि खाली असलेला सुटतो. वृद्धांत हा आकडा आणखी कमी भरवशाचा, कारण टी पेशी किती तयारीत आहेत हे या ताटलीत दिसतच नाही. शिवाय चाचणी लसीतल्या वाणावर करतात, साथीत फिरणारं वाण थोडं वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येतं. तेव्हा आईंचं रक्त काढू नका.

वय वाढतं तसा थायमस, म्हणजे टी पेशी घडवणारी छातीतली ग्रंथी, आक्रसतो, नव्या टी पेशी कमी येतात, बी पेशींना मदत करणाऱ्या टी पेशीही मंदावतात. यावर दोन उपाय वापरात आहेत. एक, मात्रा वाढवणं : ज्येष्ठांच्या जादा मात्रेच्या लसीत प्रत्येक वाणाचं 15 ऐवजी 60 मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन असतं. 65 वर्षांवरच्या सुमारे 32,000 जणांवरच्या चाचणीत (निष्कर्ष 2014) तिने नेहमीच्या लसीच्या तुलनेत सिद्ध झालेला फ्लू 24 टक्क्यांनी कमी केला. दंड थोडा जास्त दुखतो. दुसरा, स्क्वालीन तेलाचं एमएफ59 हे पूरकद्रव्य घालणं, त्यामुळे टोचल्या जागी प्रतिकारपेशी जास्त गोळा होतात. मिळत असेल तर यांपैकी एक घ्यावी. मिळत नसेल तर साधी लस वेळेवर घेणं हे चांगल्या लसीची वाट पाहण्यापेक्षा केव्हाही बरं.

प्रश्न : माझा जन्म 1962 चा. ‘जन्मसालावरून कुठला फ्लू त्रास देईल ते कळतं’ असं वाचलं. हे ज्योतिष आहे की विज्ञान?

उत्तर : विज्ञान, फक्त ते गटाबद्दल बोलतं, एका माणसाबद्दल नाही.

लहानपणी झालेल्या पहिल्या फ्लूची छाप प्रतिकारशक्तीवर कायम राहते. थॉमस फ्रान्सिस यांनी 1960 मध्ये हे मांडलं : पुढे नवं वाण आलं की शरीर आधी जुन्या ओळखीची प्रतिपिंडं वर काढतं. मग कोणत्या वर्षी कोणता ‘ए’ फिरत होता ते पाहायचं. 1918 ते 1957 एच1एन1, 1957 ते 1968 एच2एन2, 1968 पासून एच3एन2, आणि 1977 मध्ये एच1एन1 परत आला. तुमची पहिली गाठ बहुधा एच2एन2 शी पडली असणार.

एच1, एच2 आणि पक्ष्यांतला एच5 हे हिमॅग्लुटिनिनच्या एका गटातले, एच3 आणि एच7 दुसऱ्या. माथा वेगळा असला तरी गटातल्या सगळ्यांचा देठ बराच सारखा असतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असं दिसलं, की 1968 पूर्वी जन्मलेल्यांत एच5एन1 चे गंभीर रुग्ण अपेक्षेपेक्षा कमी होते आणि नंतर जन्मलेल्यांत एच7एन9 चे. 2009 च्या एच1एन1 साथीतही ज्येष्ठांच्या रक्तात त्याला ओळखणारी जुनी प्रतिपिंडं सापडली आणि तरुणांना तो तुलनेने जास्त लागला.

या छापेचा तोटाही आहे. नवं वाण जुन्यासारखं पण नेमक्या जागी बदललेलं असेल, तर जुन्या स्मृतिपेशी उत्साहाने भलत्याच जागी चिकटणारी प्रतिपिंडं बनवत बसतात. एकाच लसीला दोन वयोगटांनी वेगवेगळं उत्तर देण्यामागे हे एक कारण आहे. तुमच्यापुरतं : लस घ्या, जन्मसाल पाहून टाळू नका.

प्रश्न : लसीच्या खोक्यावर ‘ए/व्हिक्टोरिया/4897/2022’ असं काहीतरी असतं. हे काय? आणि चारऐवजी तीनच नावं का उरली?

उत्तर : पहिलं अक्षर विषाणूचा प्रकार, मग नमुना जिथे मिळाला ते ठिकाण, प्रयोगशाळेचा क्रमांक आणि वर्ष. ‘बी/ऑस्ट्रिया/1359417/2021’ हेही तसंच वाचायचं. (घोळ असा, की ‘बी’ प्रकारात एका वंशाचंही नाव व्हिक्टोरियाच आहे, आणि ऑस्ट्रियाचा हा नमुना त्या वंशातला.) ‘बी’चा दुसरा वंश, यामागाटा, मार्च 2020 नंतर खात्रीने सापडलेला नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2023 पासून तो वगळायची शिफारस केली. तीन वाणांची लस म्हणजे कमी प्रतीची लस नव्हे.

वाणं वर्षातून दोनदा ठरतात, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये. बनवून बाजारात यायला सहा महिने लागतात आणि तेवढ्यात विषाणू सरकू शकतो. निवड अचूक असूनही घात होतो तो अंड्यात. मानवी फ्लू पेशीवरच्या ज्या प्रकारच्या सायलिक आम्लाला (एका शर्करेला) चिकटतो, त्याहून वेगळा प्रकार अंड्यात असतो. तिथे नीट वाढायला विषाणू आपल्या चिकटण्याच्या जागेजवळ बदल करतो, आणि प्रतिपिंडंही तिथेच बसतात. 2016-17 च्या अंड्यातल्या एच3एन2 वाणात हिमॅग्लुटिनिनच्या 160 व्या जागेजवळची शर्करा गळून गेली होती. फिरत्या विषाणूवर ती होती. साहजिकच लसीने शिकवलेली प्रतिपिंडं त्याला नीट धरेनात. पेशींत वाढवलेल्या किंवा पुनर्संयोजित तंत्राने बनवलेल्या लसींत ही अडचण टळते. पुनर्संयोजित लसीत विषाणू वाढवतच नाहीत, कीटकपेशींकडून थेट हिमॅग्लुटिनिन बनवून घेतात आणि प्रत्येक वाणाचं 45 मायक्रोग्रॅम देतात.

प्रश्न : नाकातली फवारणी सुईइतकीच चालते का?

उत्तर : शिकवण वेगळी आहे. फवारणीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो नाकाच्या थंड भागात थोडा वाढतो, फुप्फुसाच्या उष्णतेत वाढत नाही. त्यामुळे नाकाच्या अस्तरातच आयजीए प्रतिपिंडं बनतात आणि विषाणूच्या आतल्या प्रथिनांना ओळखणाऱ्या टी पेशीही तयार होतात. ही आतली प्रथिनं फार बदलत नाहीत. सुईतून मुख्यतः रक्तातली आयजीजी मिळतात. तेव्हा फवारणीनंतर रक्तातला टायटर कमी आला म्हणजे ती फसली, असा अर्थ काढू नये.

मात्रा प्रत्येक नाकपुडीत 0.1 मिलिलिटर, वय 2 ते 49. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती दबलेल्यांना देत नाहीत. नाक चोंदलेलं असेल तर थांबावं. विषाणू वाढणं हाच या लसीचा प्राण असल्यामुळे ओसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध घेतल्यापासून 48 तासांच्या आत ती देऊ नये, आणि फवारणीनंतर दोन आठवड्यांत ते औषध लागलंच तर लस पुन्हा घ्यावी लागते. मोठ्या माणसांत मात्र नाकातली जुनी प्रतिकारशक्ती हा दुबळा विषाणू वाढण्याआधीच मारते, म्हणून फवारणीचा खरा उपयोग मुलांना.

प्रश्न : संधिवातासाठी आठवड्याला मेथोट्रेक्सेट चालू आहे. लस घेऊ का?

उत्तर : टोचायची लस जरूर घ्या. मेथोट्रेक्सेट वेगाने विभाजन होणाऱ्या पेशींना रोखतं आणि लसीनंतरचे दोन आठवडे बी पेशींचं विभाजनच तर चालू असतं. म्हणून आजार आटोक्यात असेल तर लसीनंतरच्या दोन आठवड्यांचे डोस वगळायचा सल्ला देतात. लसीआधीचे वगळण्याने तोच फायदा होत नाही. मात्र हा निर्णय तुमच्या संधिवाततज्ज्ञांचा. सांधे भडकत असतील तर गोळी चालू ठेवून लस घेतलेलीही चालते. रिटुक्सिमॅब हे औषध घेणाऱ्यांत बी पेशीच नाहीशा झालेल्या असल्याने प्रतिसाद बराच कमी येतो. तरीही फ्लूची लस हंगामात वेळेवर घ्यावी आणि पुढचं रिटुक्सिमॅब शक्य असल्यास किमान दोन आठवडे पुढे न्यावं. स्टेरॉइड चालू आहे म्हणून लस लांबवू नये. अशा रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांनी लस घेणं हे त्याच्या स्वतःच्या लसीइतकंच महत्त्वाचं आहे.

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. माझ्या लसीने बाळाला काय मिळेल?

उत्तर : तुमची आयजीजी प्रतिपिंडं. वार ती बाळाकडे पोचवते, शेवटच्या तिमाहीत सर्वांत जास्त. लस कुठल्याही महिन्यात घेता येते, पण बाळाला वाटा मिळायला प्रसूतीपूर्वी किमान दोन आठवडे हवेत. बाळ ही प्रतिपिंडं स्वतः बनवत नसल्याने काही महिन्यांत ती संपतात. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी फ्लूची लसच नाही, त्यामुळे मधल्या काळात त्याच्याकडे हीच शिदोरी असते. पुढे सहा महिने पूर्ण झाले की त्याच्या स्वतःच्या दोन मात्रा.

प्रश्न : लस आणताना बर्फाच्या पिशवीला चिकटून गोठली, नंतर वितळली. दिसायला स्वच्छ आहे. वापरू का?

उत्तर : नाही, टाकून द्या. साठवण 2 ते 8 अंश सेल्सिअस. गोठताना प्रथिनांची घडी बिघडून ती एकमेकांना चिकटतात, आणि बी पेशीला हिमॅग्लुटिनिनचा मूळ आकारच ओळखायचा असतो. डोळ्यांनी हा बिघाड दिसेलच असं नाही. पुढच्या वेळी बर्फाची पिशवी आणि लसीचं खोकं यांच्यामध्ये जाड पुठ्ठा किंवा कापड ठेवा, उजेड लागू देऊ नका आणि टोचण्याआधी सिरिंज हलवून घ्यायला सांगा.